गंगव्वानं तोंडानं चालवलेला माग

मार्चात मेल्विन शिव्या घालत होता.
वडगावच्या त्या बोळात एक वाक्य धड रेकॉर्ड होईना,
दोन्ही बाजूंना माग, भिंतीपलीकडं माग.
हेडफोन गळ्यात टाकून म्हणाला,
पाच मिनिटं बंद करायला सांगा की गा कोणीतरी.
आम्ही हसलो. मागाचा आवाज नंतर घेऊ म्हटलं,
माग कुठं पळून जातायत.

मग सगळंच बंद झालं.

नऊ मिनिटांची फिल्म, सहाव्या सेमिस्टरची.
चित्रं होती सगळी: धोटा, कांड्या,
तुटला धागा जोडताना गंगव्वानं ओठांत धरलेलं टोक.
आणि ती सगळी शिनोळीत, सुदेशच्या हार्ड डिस्कवर.
बाचीच्या नाक्यावर मातीचा ढीग, ढिगावर बाभळीच्या फांद्या.
एरवी ही हद्द आम्हाला
पेट्रोलच्या दरावरून कळायची.
डिस्क आली दूधवाल्याबरोबर,
दोन पिशव्यांत गुंडाळून, किटल्यांच्या मधे.
कितीतरी दिवस टेबलाला दुधाचा वास.

सरांचा मेसेज: मुदत तीस तारीख. आहे त्यात भागवा.

भागवत होते.
आईचं शिलाई मशीन रेकॉर्ड केलं,
मिक्सर, पाटावर लाटणं,
जिन्याचं लोखंडी दार सतरा वेळा.
मेल्विन कॅम्पातून फोनवर ऐकायचा
आणि म्हणायचा, हे दार आहे.
हे पण दारच आहे.

बोळ आता इतका गप्प
की मार्चातलं प्रत्येक वाक्य स्वच्छ मिळालं असतं.
रात्री टेरेसवर माईक धरून उभी राहिले:
लांब एक कुत्रं, टाकीत पडणारं पाणी,
कुणाच्या तरी घरात खोकला
आणि लगेच खिडकी लावून घेतल्याचा आवाज.
तेवढंही ठेवलं मी, 'शांतता ४' नावानं.

शेवटी गंगव्वाला फोन केला.
ऊट आतेन? तिनं आधी विचारलं,
माझं झालं म्हटल्यावर
तिचं झालंय का ते काही सांगितलं नाही.
मग्ग? मग्ग कुठला आता,
मालकानं फ्यूज काढून नेलाय.
मी म्हटलं, नुसता आवाज पाहिजे होता.
बराच वेळ काही नाही. वाटलं, कट झाला.
मग म्हणाली, थांब, पोरं झोपू देत.

साडेअकराला फाईल आली.
तोंडानं चालवला होता तिनं माग.
जिभेनं धोटा इकडून तिकडं,
टाळूवर फणीचा ठोका,
गालाच्या आत कुठंतरी मोटरीची घरघर,
आणि हे सगळं कुजबुजत,
पोरं उठू नयेत म्हणून.
मधेच अडखळली.
दम लागला असेल म्हणून तेवढं कापायला गेले
तर पुढं पुन्हा तसंच, पुन्हा तेवढ्याच अंतरावर.
तिच्या मागाच्या चाकाला एक दात नव्हता.
एकोणीस वर्षं तो तिथंच अडखळत आलेला.

मेल्विन फोनवर गप्प.
मग म्हणाला, हे घाल. कापू नको काही.

पाटीवर नाव तिला कन्नडात हवं होतं.
सॉफ्टवेअरला जमेना, जोडाक्षर फुटायचं,
'व्वा'मधले दोन व
सहा फूट अंतर ठेवून उभे.
शेवटी तिच्या थोरल्या भाग्यश्रीनं
वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवला.
रेघांसकट लावला.

अपलोड रात्री दोन ते पहाटे साडेपाच.
सरांनी लिहिलं: साउंड जरा कृत्रिम वाटतो.
बाकी ठीक.

आता बोळातले काही माग सुरू झालेत.
दूध आणायला जाते तेव्हा
एकेका दारासमोर थांबून मोजते.
सगळे नीट चालतात.
कुणीच अडखळत नाही.